रंगाऱ्याच्या मांजरीचे दात

“चाचा, तुमची मांजर रंग पिऊन राह्यली,” असे मी म्हणालो तेव्हा ओपीडीत अकरा माणसे, सात बकऱ्या आणि एक गाभण म्हैस होती. आकडे पक्के आठवतात, कारण पुढचे तीन आठवडे त्या अकराच्या अकरा माणसांनी माझे वाक्य गावभर फिरवले. बकऱ्या आणि म्हैस तेवढ्या गप्प राहिल्या.

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाताना एक बाजाराचे गाव लागते, तिथे माझा दवाखाना आहे. गावाचे नाव सांगत नाही. माझ्यामुळे त्याला आधीच पुरेसा ताप झाला आहे. नोकरीला चोवीस वर्षे झाली. ती सगळी गाई, म्हशी, बैल आणि तांड्यांवरच्या बकऱ्यांत गेली. मांजर शेवटचे हातात घेतले ते कॉलेजच्या प्रॅक्टिकलला. तेव्हा ते मला चावले होते.

रशीदचाचा आमच्या गावातले एकुलते एक रंगारी. लग्नाचे फेटे, साडीला मॅचिंग ओढण्या, बाळंतिणीच्या घरची रंगीत दुपटी, सगळे त्यांच्याकडून रंगून यायचे. हात कोपरापर्यंत कधी हिरवे, कधी केशरी. त्या सकाळी त्यांनी पिशवीतून एक पांढरीशुभ्र मांजर काढून टेबलावर ठेवली. नाव शक्कर. सोबत मलमलीचा एक तुकडा होता. त्यावर कोकमाच्या सरबतासारखा लालसर डाग.

“डॉक्टरसाब, ही तिची लघवी हाये. मलमल कपड्याच्या ताज्या थानावर केली. मी म्हनलं, रगत तर नाही पडून राह्यलं?”

मी मांजरीचे तोंड उघडले. दात गुलाबी-तपकिरी. हिरड्या फिकट. कानांच्या टोकांवर खपल्या. मग मी चाचांच्या हातांकडे पाहिले. त्या दिवशी ते राणी रंगाचे होते.

आता तुम्हीच सांगा. रंगाऱ्याची मांजर, दात गुलाबी, लघवी लाल. कोणीही काय म्हटले असते? मी तेच म्हटले. नुसते म्हटले नाही, केसपेपरवर लिहिलेसुद्धा. चोवीस वर्षांच्या अनुभवाचा फायदा हाच, की माणूस चूक फार झटपट करू शकतो.

“रंगात केमिकल असते चाचा. हौदाच्या काठाले जीभ लावत असल. ते पोटात जाते, रक्तात जाते, लघवीतून निघते. तिले हौदापासून दूर ठेवा.”

चाचा एकदम ताठ झाले. “माहा रंग? साब, चाळीस साल झाले. माहा रंग कपड्यातून उतरत नाही, अन् मांजरीत चढते?”

लोक हसले. मीही हसलो. रक्तवाढीचे औषध लिहून दिले आणि पुढची बकरी घेतली.

आमच्या दवाखान्यात खंडारे नावाचे परिचर आहेत. परिचर म्हणजे जनावर धरणारा, जखम धुणारा आणि डॉक्टरला काय येत नाही ते नेमके ओळखणारा माणूस. रिटायरमेंटला दोन वर्षे राहिली आहेत, त्यामुळे आता कोणाला भीत नाहीत. चाचा गेल्यावर ते म्हणाले, “साहेब, वाशीमच्या लव्हाळे साहेबाकडे पाठवून देऊ काय मांजर? ते मांजराचे पेशल हायेत.”

“काही गरज नाही,” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण टेबलावरची बकरी दचकली.

इथे डॉ. विलास लव्हाळेबद्दल सांगणे भाग आहे. विलास माझा होस्टेलचा रूममेट. चार वर्षे माझी जर्नल्स उतरवून पास झाला. मी वर्गात पहिला, तो काठावर. मला सरकारी नोकरी लागली, त्याला लागली नाही. तेव्हा मी त्याला पेढे देऊन धीर दिला होता. ते पेढे मला आजही खुपतात. कारण त्याने वाशीमला कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला. काचेचे दार, एसी, भिंतीवर पंजांचे ठसे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ येतात. माझ्या ओपीडीत म्हैस घेऊन आलेला माणूस मला त्याचा व्हिडिओ दाखवून विचारतो, “लव्हाळे साहेब असं सांगून राह्यले, तुमी काहून तसं करत नाही?”

आणि घरी माझी बायको, सुनंदा. ती रिठदची, शेतकऱ्याघरची. सहसा कोणाचे कौतुक करत नाही. पण विलासचा व्हिडिओ लागला की भाजी ढवळता ढवळता थांबते. “लव्हाळे भाऊजी किती निवांत समजावून सांगतेत!” मी त्याचा एकही व्हिडिओ पूर्ण पाहत नाही. शेवटचे अर्धे मिनिट आले की स्वाभिमानाने बंद करतो.

तर अशा माणसाकडे मी केस रेफर करणार? तीसुद्धा रंग प्यायलेल्या मांजरीची?

तीन आठवडे गेले. एका दुपारी चाचा परत आले. मांजर सोबत नव्हती. बाकावर बसले. हात पाहिले तर स्वच्छ, कशाचाच रंग नाही. रंगाऱ्याचे स्वच्छ हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि मला ते बरे वाटले नाही.

“साब, एक कागद लिहून द्या.”

“कशाचा?”

“की माह्या रंगात जहर नाही.”

मग एकेक कळत गेले. माझे वाक्य ओपीडीतून निघाले तेव्हा ‘मांजर रंग पिते’ एवढेच होते. बाजारात पोहोचेपर्यंत ‘रशीदच्या रंगाने मांजराचे रक्त खराब झाले’ असे झाले. तांड्यावर पोहोचले तेव्हा मांजर मेली होती. पहिल्यांदा बाळंतिणींच्या घरची दुपटी बंद झाली. लहान पोराच्या अंगाला लागणारा कपडा, कोण धोका घेणार? मग फेटे. एका लग्नाचे साठ फेटे रंगून, वाळून, घडी होऊन तयार होते. नवऱ्या मुलाचा मामा येऊन म्हणाला, ‘घाम आल्यावर रंग डोक्यात उतरला तर?’ आणि फेटे न घेताच गेला.

“लोकं कपडे पाहत नाहीत साब, मांजर पाहायले येतेत,” चाचा म्हणाले. “हा सीझन असाच गेला तर दुकान बंद करून पोराकडं जा लागते. पोरगा म्हनते पुण्याले येऊन जा. तिथं मी काय करू? त्याच्या फ्लॅटमंदी हौद हाये का?”

“मांजर कशी आहे?”

“तशीच हाये. हौदाच्या खोलीले कुलूप लावलं. तरी लघवी लालच.”

हौद बंद, तरी लघवी लाल. मग रंग नव्हे. पण रंग नव्हे तर काय? ते मला माहीत नव्हते, आणि माहीत नसताना कागद कसा लिहू? खंडारे दाराशी कापूस गुंडाळत उभे होते. गरजेपेक्षा जास्त वेळ गुंडाळत राहिले.

मी बाहेर लिंबाखाली जाऊन फोन लावला.

“राऊत!” विलास ओरडला. “अरे किती वर्षांनी! बोल.”

मी केस सांगितली. रंगाऱ्याचा धंदा तेवढा सांगितला नाही. पांढरी मांजर, गुलाबी दात, लाल लघवी, कानावर खपल्या.

“उन्हात झोपते का?”

“गच्चीवर. दिवसभर.”

“दातावर यूव्ही लाइट मारला का?”

“कशाला?”

“अरे, पोर्फिरिया! दुर्मिळ आहे, पण चित्र अगदी पुस्तकातलं आहे. विसरलास? तूच तर मला शिकवलं होतंस. थर्ड इयरची ओरल, आदल्या दिवशी. ‘विल्या, एवढं एक लक्षात ठेव, दात गुलाबी, लघवी लाल, उजेडात चमकते.’ मला तेच विचारलं आणि मी पास झालो. अजून कुठल्याही जनावराचे दात पाहिले की तू आठवतोस.”

मला काय वाटले ते कसे सांगू? त्याला माझ्यापेक्षा जास्त येते, हे एक वेळ मी गिळले असते. पण माझेच ज्ञान त्याच्याकडे जाऊन इतकी वर्षे नीट सांभाळले गेले होते आणि माझ्याकडे त्याचा मागमूसही उरला नव्हता. हे म्हणजे आपली हरवलेली छत्री दुसऱ्याच्या घरी दिसावी, आणि तीही आपल्यापेक्षा चांगल्या हालतीत, असे झाले.

आजार थोडक्यात सांगतो. रक्ताला लाल रंग देणारा पदार्थ शरीरात एकदम तयार होत नाही, सात-आठ टप्प्यांत होतो. प्रत्येक टप्प्याला एक एन्झाइम लागते. जन्मतःच एखादे एन्झाइम कमी पडले की माल अर्धवट राहतो. त्या अर्धवट मालाला पोर्फिरिन म्हणतात. तो दातांत आणि हाडांत साचतो, लघवीतून बाहेर पडतो. काही जनावरांत तो कातडीतही उतरतो आणि ऊन लागले की जखमा होतात. यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट उजेडात हा पदार्थ गुलाबी-लाल चमकतो. आजार पसरत नाही. मांजरीपासून माणसाला होत नाही.

हे सगळे मी चाचांना समजावले. मला वीस मिनिटे लागली. चाचांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे आठ हौद हायेत. कपडा एकातून दुसऱ्यात जाते. मधल्या एका हौदावरचा माणूस कामावर आलाच नाही. तर कच्चा रंग तिथंच साचून राह्यला.”

“हो. तसंच.”

“मंग असं सांगा ना सीधं.”

खंडारे म्हणाले, “चाचा, तुमी व्हिडिओ बनवा.” मला चाचांचाही थोडा हेवा वाटला. त्या दिवसांत माझा हेवा असा स्वस्त झाला होता.

यूव्ही लाइट आमच्या दवाखान्यात नव्हता. खंडारेंना एकदम आठवले की कापड दुकानदार मुंदडा शेठकडे नोटा तपासायचे मशीन आहे. खोटी नोट ओळखायला जो जांभळा दिवा असतो, तो हाच. चाचांनी घरून शक्करला आणले आणि आम्ही तिघे तिला घेऊन मुंदडांच्या दुकानात गेलो. शटर अर्धे खाली ओढले. अर्धे शटर खाली आले की बाजारात गर्दी जमते. पाचच मिनिटांत वीस-पंचवीस डोकी वाकून आत पाहू लागली.

मी आधी स्पिरिटच्या बोळ्याने दात घासून पुसले. बोळा पांढराच राहिला. तो सगळ्यांना दाखवला. मग खंडारेंनी शक्करला टॉवेलात गुंडाळून धरले, मी ओठ वर केला आणि मशीन पुढे आणले. दात चमकले. निखाऱ्यावरची राख फुंकल्यावर आतला लाल दिसतो ना, तसे. गर्दीतून ‘आईवोऽ’ असा आवाज आला. मी मागे वळून पाहिले. चोवीस वर्षांत माझ्या कामाला अशी दाद मिळाली नव्हती.

“पाहिलं?” मी म्हणालो. “हा रक्ताचा आजार हाये. चाचाच्या रंगाचा काही संबंध नाही.”

मुंदडा शेठ हुशार माणूस. सगळा जन्म खोटी नोट ओळखण्यात गेलेला. त्यांनी काउंटरखालून एक राणी रंगाची चिंधी काढली. चाचांकडूनच रंगवून घेतलेल्या ओढणीची. ती मशीनखाली धरली.

चिंधी दातांपेक्षा जास्त चमकली.

“डॉक्टरसाहेब,” मुंदडा शांतपणे म्हणाले, “रंगही चमकून राह्यला. दातात मुरला असल तर पुसून थोडाच निघणार?”

काही गुलाबी रंग यूव्हीत चमकतात, हे मला माहीत नव्हते. गर्दी हसली. कोणीतरी म्हणाले, “म्हणजे पक्कंच झालं! रंगच व्हय तो!” आम्ही चाचांचे नाव साफ करायला आलो होतो आणि भर बाजारात त्यावर शिक्का मारून निघालो. चाचांनी शक्करला टॉवेलसकट उचलले आणि कोणाकडे न पाहता घरी गेले.

मी पुन्हा लिंबाखाली. आता विलासला चाचांच्या रंगासकट सगळे सांगावे लागले. मी पहिल्या दिवशी काय बोललो तेही.

तो म्हणाला, “रंग चमकेल हे माझ्या लक्षात आलं नाही यार.”

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. खराखुरा. विलासला एक गोष्ट आली नव्हती! तो आनंद साधारण लिंबापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत टिकला. पायरीवर चाचांची मलमल पडली होती, लाल डागाची. पहिल्या दिवसापासून ती माझ्याकडेच होती; मुंदडांच्या दुकानात दाखवायला नेली होती, परत येताना बोळ्या-चिंध्यांतून गळली असावी. विलास चुकला, पण त्याचा दंड भरत होते चाचा. माझी चूक होती, तिचाही दंड तेच भरत होते. आम्ही दोघे डॉक्टर मात्र आपापल्या खुर्चीवर सुखरूप होतो.

विलासने तासाभराने स्वतःच फोन केला. “ऐक. मांजर आठ दिवस रंगाच्या घरापासून पूर्ण लांब ठेवू. बाहेरून गेलेला रंग असला तर लघवी साफ होत जाईल. आजार असला तर लालच राहील. माझ्याकडे पाठव, मी ॲडमिट करून घेतो.”

युक्ती बिनतोड होती. मला सुचायला हवी होती. शक्कर त्याच्या एसीत जाणार, तिच्यावर व्हिडिओ होणार आणि सुनंदा तो भाजी ढवळता ढवळता पाहणार, हे सगळे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले.

“नको,” मी म्हणालो. “माझ्या घरी ठेवतो.”

हेव्यापोटी मी जी काही कामे केली, त्यातले एवढेच एक बरे निघाले. कारण वाशीमला काय झाले ते गावाने मानले नसते. माझे घर बाजारापासून हाकेवर. ज्याला शंका असेल त्याने यावे आणि पाहावे.

मांजर घरी नेली तेव्हा सुनंदा म्हणाली, “मले मांजराचा वास सहन होत नाही, सांगून ठेवतो.” (आमच्याकडे बायकाही ‘सांगतो, करतो’ असेच बोलतात.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शक्कर तिच्या मांडीवर होती आणि माझा चहा गार झाला होता. खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या, ऊन यायला नको म्हणून. मातीत लघवी मुरते, म्हणून ट्रेमध्ये धुतलेले बारीक खडे पसरले. खाली जमा होणारी लघवी मी बाटलीत भरायचो. सुनंदा बाटलीवर तारीख लिहायची. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, हे तिने प्रत्येक बाटलीला ऐकवले.

रोज संध्याकाळी मुंदडा शेठ साक्षीदार म्हणून यायचे. साठ फेटे सोडून गेलेला तो मामाही दोनदा आला. त्याचे नाव पंजाबराव. लग्न अजून पंधरा दिवसांवर होते आणि दुसरीकडे त्या रंगाचे फेटे त्याला मिळत नव्हते. तो बाटली उजेडात धरून विचारायचा, “यात तुमी काही टाकलं तर नाही ना?”

“मी कायले टाकू?”

“तुमचा काय भरवसा? पहिले रंग म्हनलं, मंग बिमारी म्हनलं.”

मी त्याला चहा दिला.

चाचा रोज सकाळी नमाजानंतर यायचे. दारातूनच शक्करला पाहायचे. आत येत नसत. “माह्या कपड्याले रंग हाये,” म्हणायचे. “उद्या कोणी म्हनल, चाचानं येऊन शिंपडला.” आठ दिवस त्या माणसाने आपल्या मांजरीला हात लावला नाही.

पहिल्या दिवशी लघवी लाल. तिसऱ्या दिवशी लाल. पाचव्या दिवशी जरा फिकट वाटली आणि माझी झोप उडाली. सहाव्या दिवशी पुन्हा गडद. आठव्या दिवशी मुंदडांच्या दुकानात आठही बाटल्या ओळीने मशीनखाली धरल्या. आठही चमकल्या. नववी बाटली सुनंदाने दिली होती, पाण्याची, मुद्दाम. ती चमकली नाही. ही नवव्या बाटलीची अक्कल माझी नव्हे, हे नमूद करतो. दोन बाटल्या मी उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळून विलासकडे दिल्या, त्याने त्या लॅबला पाठवल्या. चार दिवसांनी रिपोर्ट आला. पोर्फिरिन भरपूर वाढलेले.

मुंदडा मान हलवून म्हणाले, “नोट खरी हाये.”

पण मुंदडांना पटले म्हणजे गावाला पटले असे नाही. खोटी गोष्ट आपल्या पायाने तांड्यापर्यंत गेली होती. खरी गोष्ट उचलून न्यावी लागणार होती. विलास म्हणाला, “बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या आवारात कार्यक्रम घेऊ. मी येतो. तोवर मांजर तुझ्याकडेच राहू दे.”

तो आला. गाडीतून बॅनर काढला, ‘मांजरांमधील दुर्मिळ रक्तविकार : जनजागृती’. मधोमध तोंड उघडलेली शक्कर. खाली दोन नावे. माझे वर, त्याचे खाली. मी दुरून अक्षरांची उंची ताडून पाहिली. सारखीच होती. भांडायला जागा ठेवली नव्हती, याचाच जास्त राग आला.

बाजार भरलेला. पुढे खुर्च्यांवर मुंदडा, पंजाबराव, बाजूला बायकांत सुनंदा. चाचा शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून.

विलास बोलला. काय बोलला! मांजरीचे दात गुलाबी दिसले, लघवी लाल दिसली तर डॉक्टरला दाखवा. विष समजून मीठ-पाणी पाजू नका. मांजर दुपारी सावलीत ठेवा. चाचांचे आठ हौदांचे उदाहरण त्याने चाचांचे नाव घेऊन सांगितले. बाया माना डोलावत होत्या. सुनंदासुद्धा. बायकोची मान किती वेळा डोलली, ते मी मोजत बसलो होतो.

शेवटी तो म्हणाला, “हा आजार भल्याभल्यांना ओळखता येत नाही. पण तुमच्या गावचे डॉक्टर राऊत माझे गुरू आहेत. मी आज जे सांगितलं ते त्यांनीच मला शिकवलं. ही केस त्यांनी शोधली. जोरदार टाळ्या!”

टाळ्या वाजल्या. ज्या टाळ्यांसाठी मी इतकी वर्षे जळत होतो, त्या त्याने स्वतःच्या हाताने माझ्या पदरात टाकल्या. माझ्या खिशात भाषणाचा कागद होता. त्यात ‘सुरुवातीला काही गैरसमज पसरले’ असे एक वाक्य होते. गैरसमज कोणी पसरवले ते नव्हते.

मी माईक घेतला आणि पाहिले तर शेवटच्या बाकावर चाचा टाळ्या वाजवत होते. तेही वाजवत होते. कागदासाठी आले होते तेव्हाचेच हात, अजून बिनरंगाचे.

मी कागद काढलाच नाही.

“लव्हाळे साहेब खोटं बोलून राह्यले,” मी म्हणालो. विलास चमकला. “मी ही केस शोधली नाही. मी ती बिघडवली. या मांजरीनं रंग पेला, असं पहिले कोण म्हनलं? मी म्हनलं. न तपासता म्हनलं, ओपीडीत सगळ्यांसमोर. खंडारे म्हणाले वाशीमले पाठवा, मी पाठवली नाही. कारण लव्हाळे साहेबाचं नाव झालं अन् माहं नाही झालं, हे मले खुपत होतं. माह्या पोटदुखीपायी चाचाचं दुकान महिनाभर बसलं. मांजरीले रंगानं काही झालं नाही. चाचाच्या रंगाले माह्या तोंडानं झालं. चाचा, तुमी कागद मागत होते. हा घ्या, माईकवर.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा वेळी वाजवायच्या की नाही, हे लोकांना कळत नाही. खंडारेंनी घसा खाकरला. मग पंजाबराव उभा राहिला. वळून मागे बघत मोठ्याने म्हणाला, “चाचा, ते साठ फेटे हायेत ना अजून?”

चाचा म्हणाले, “हायेत. पन आता इस्त्री करा लागते.”

“करा मंग. अन् पाच वाढवा.”

चाचा उठले. माझ्याजवळ आले. मला वाटले, काही तरी बोलतील, खांद्यावर हात ठेवतील. ते म्हणाले, “साब, शक्कर कवा पाठवता घरी?”

पुढचे थोडक्यात. फेट्यांचे काम परतले. बाळांची दुपटी अजून पूर्ण परतली नाहीत. दोन-तीन घरची बाळे पांढऱ्यातच वाढत आहेत, त्याला माझ्याकडे औषध नाही. शक्करलाही औषध नाही. इलाज म्हणजे सावली. चाचांनी गच्चीचे दार दिवसा बंद केले, कानांच्या खपल्या गेल्या, शक्कर आता उंदीर मारते. ओपीडीत माझ्यात एक फरक पडला. पहिल्या झटक्यात जे सुचते, ते मी आता केसपेपरवर पेन्सिलने लिहितो. खंडारे पेन्सिलला टोक करून ठेवतात, न सांगता.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर विलासला निरोप दिला आणि सुनंदाला मागे बसवून मोटारसायकलवर घराकडे निघालो. अर्ध्या रस्त्यात माझ्याच्याने राहवले नाही. विचारले, “लव्हाळेपेक्षा बरा बोललो ना मी?”



“त्याईचं आयकून मांजराची बिमारी समजली,” ती म्हणाली. “तुमचं आयकून चाचा आज पोटभर जेवतीन.”

मी जरा ताठ बसलो. तेवढ्यात मागून आले, “पन पुढच्या खेपेले पहिल्याच दिवशी भाऊजीले फोन करजा. भाषणाची पाळीच येत नाही.”